स्वतंत्रपूर: भिंती नसलेला तुरुंग आणि अनपेक्षित विश्वासाची गोष्ट

व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा आपल्याकडे अनेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणारे सहा कैदी, त्यांना बेड्या न घालता ओसाड माळरानावर घेऊन जाणारा एक जेलर आणि त्या माळावर उभी राहिलेली शेती, एवढीच त्याची गोष्ट. सिनेमा पाहून बाहेर पडलेल्या माणसाला वाटतं, पडद्यावर ठीक आहे, खरं असं कुठे होतं?

तर होतं. आणि ते महाराष्ट्रातच झालं. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ नावाची कैद्यांची वसाहत १९३९ सालापासून आहे. तिला उंच भिंती नाहीत. कैदी तिथे बायको-मुलांसह राहतात, शेती करतात आणि शिक्षा पुरी करतात.

ही वसाहत कुणाला सुचली, ज्यांच्यावर कुणीच विश्वास ठेवत नाही अशा माणसांवर विश्वास ठेवला तर काय होतं आणि ‘चांगुलपणाने माणूस सुधारतो’ या म्हणण्यात तथ्य किती, हे सविस्तर समजून घेऊया.

स्वतंत्रपूर नेमकं काय आहे?

आटपाडी हा माणदेशाचा भाग. कमी पाऊस, खडकाळ माळ, मेंढपाळ आणि खिलार बैल ही त्याची जुनी ओळख. गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकर हे दोघे भाऊ याच मातीतले. स्वातंत्र्यापूर्वी आटपाडी औंध संस्थानात होतं.

संस्थानने इथे कैद्यांसाठी खुली वसाहत सुरू केली. त्या काळात तुरुंग म्हणजे दगडी भिंत, गज, बेड्या आणि खडी फोडणं. इथे नेमकं उलट होतं. सुरुवातीला गंभीर गुन्ह्यांतले मोजके कैदी निवडले गेले. त्यांना राहायला घर आणि कसायला जमीन मिळाली, कुटुंबाला सोबत आणण्याची मुभा मिळाली. बदल्यात अपेक्षा एकच होती: पळून जायचं नाही आणि सरळ वागायचं.

संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालं, तरी वसाहत बंद पडली नाही. आज ती महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे. आकाराने ती लहानच राहिली. पण भारतात खुल्या कारागृहांचा विषय निघाला की तिचं नाव अगदी सुरुवातीच्या प्रयोगांमध्ये घेतलं जातं.

हे औंधमध्येच का घडलं?

औंध हे जेमतेम ७२ गावांचं संस्थान. गावंही सलग नव्हती, सातारा, सांगली, सोलापूर आणि विजापूर या भागांत विखुरलेली होती. १९०९ पासून गादीवर होते भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

बाळासाहेब चारचौघा राजांसारखे नव्हते. ते स्वतः चित्रकार होते. शाळाशाळांतून सूर्यनमस्काराचा प्रसार करण्यासाठी ते ओळखले जात. औंधच्या टेकडीवरचं श्री भवानी वस्तुसंग्रहालय त्यांनीच उभं केलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती, तेव्हा कुंडलजवळची माळरानाची जमीन त्यांनीच दिली. तिथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

या किर्लोस्करवाडीची एक हकिकत आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. वस्ती नवी, आजूबाजूला उजाड माळ आणि चोरांची भीती. अशा वेळी लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर कुणाला नेमलं, तर दरोड्याच्या गुन्ह्यात तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना. ज्यांच्यापासून गाव दारं बंद करून घेत होतं, त्यांच्याच हाती वस्तीची राखण दिली गेली. स्वतंत्रपूर सुरू होण्याच्या कितीतरी आधी त्याच संस्थानात हा अनुभव जमा झालेला होता.

पुढे बाळासाहेबांनी आणखी मोठं पाऊल उचललं. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांनी सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची नवी राज्यघटना लागू झाली. तिच्या मसुद्याला महात्मा गांधींचं मार्गदर्शन होतं आणि गावपंचायत हा तिचा पाया होता. राजाने आपण होऊन आपली सत्ता सोडणं ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट होती. इतिहासात हा प्रकार ‘औंधचा प्रयोग’ म्हणून ओळखला जातो. राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परतले होते. त्यांनी या प्रयोगात पुढाकार घेतला. स्वातंत्र्यानंतर तेच अप्पासाहेब भारताचे नामांकित राजनैतिक अधिकारी झाले.

कैद्यांची खुली वसाहत याच वर्षी सुरू झाली, आणि त्यामागे एक सूत्र दिसतं. प्रजा राज्य चालवू शकते यावर राजाचा विश्वास असेल, तर कैदी स्वतःचं आयुष्य चालवू शकतो यावर विश्वास ठेवणं ही त्याच्याच पुढची पायरी होती.

पोलंडचा इंजिनिअर माणदेशात कसा पोचला?

या वसाहतीच्या कल्पनेशी मॉरिस फ्रीडमन यांचं नाव जोडलेलं आहे. जन्म १९०१ सालचा, वॉर्सामधल्या एका ज्यू कुटुंबातला. शिक्षणाने ते इंजिनिअर. १९३० च्या दशकात ते म्हैसूर संस्थानच्या विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात काम करण्यासाठी बंगळूरला आले. भारतात आल्यावर त्यांचा ओढा गांधीजी आणि अध्यात्म यांच्याकडे वळला. त्यांनी भगवी वस्त्रं घेतली आणि ‘भारतानंद’ हे नाव धारण केलं.

अप्पासाहेब आणि फ्रीडमन यांची गाठ पडली आणि फ्रीडमन औंधला आले. घटनेच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता आणि तुरुंगाच्या भिंती काढून टाकण्याची कल्पनाही त्यांचीच मानली जाते.

मराठी वाचकांना फ्रीडमन यांची आणखी एक ओळख असेल. मुंबईच्या खेतवाडीत राहणारे, विडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज मराठीतून जे बोलत, ते फ्रीडमन यांनी इंग्रजीत आणलं. ‘आय ॲम दॅट’ हे त्यांचं पुस्तक १९७३ साली आलं आणि महाराजांचं नाव जगभर गेलं. १९७६ साली फ्रीडमन यांचं मुंबईतच निधन झालं.

त्या काळात ‘गुन्हेगार’ म्हणजे कोण?

स्वतंत्रपूरचं महत्त्व कळायचं असेल, तर त्या वेळचा कायदा आठवावा लागतो. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला. त्यानुसार काही जमातींचे लोक जन्मतःच गुन्हेगार ठरवले गेले. त्यांची नोंदणी व्हायची, पोलिसांकडे हजेरी लावावी लागायची, परवानगीशिवाय गाव सोडता यायचं नाही. पुढे या कायद्याची व्याप्ती वाढली आणि मुंबई इलाखाही त्यात आला. सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलेली ‘सेटलमेंट’ होती. हा कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणूनच या समाजांना ‘विमुक्त’ म्हणतात आणि तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

म्हणजे चित्र असं होतं. एका बाजूला सोलापूरची तारेची सेटलमेंट. तिथे काहीही न केलेल्या लहान मुलालाही गुन्हेगार समजलं जायचं. दुसऱ्या बाजूला त्याच काळात आटपाडीची वसाहत. तिथे खरोखर गुन्हा केलेल्या माणसालाही, त्याने आजवर काय केलं यापलीकडे जाऊन, उद्या तो काय करू शकतो हे विचारलं जात होतं.

कैदी पळून का जात नाहीत?

खुल्या कारागृहाबद्दल ऐकलं की पहिला प्रश्न हाच येतो. याचं उत्तर केवळ ‘चांगुलपणा’ असं देणं भाबडेपणाचं ठरेल. त्यामागे चार गोष्टी एकत्र काम करतात.

पहिली, निवड. खुल्या कारागृहात कुणालाही थेट पाठवत नाहीत. शिक्षेचा काही काळ बंद तुरुंगात काढलेला असावा लागतो, तिथली वर्तणूक चांगली असावी लागते आणि काम करण्याइतकी तब्येत धडधाकट असावी लागते. काही प्रकारच्या गुन्ह्यांतले कैदी नियमानेच वगळले जातात.

दुसरी, फायदा. खुल्या कारागृहात काम करणाऱ्याला शिक्षेत जादा सूट मिळते, कामाची मजुरी मिळते. पळून जाऊन पकडला गेला, तर हे सगळं जातं आणि पुन्हा गजाआड जावं लागतं.

तिसरी, कुटुंब. स्वतंत्रपूरसारख्या ठिकाणी बायको-मुलं सोबत असतात. मुलं शाळेत जातात. गोठ्यात जनावर असतं, रानात उभं पीक असतं. पळून जाण्याची किंमत एकट्याने मोजायची नसते.

चौथी गोष्ट मोजता येत नाही, पण या सगळ्या प्रयोगाचा जीव तिथेच आहे. आयुष्यभर ‘हा असाच’ म्हणून ज्याच्याकडे पाहिलं गेलं, त्याला कुणीतरी पहिल्यांदा म्हणतं, ‘तुझ्यावर भरवसा आहे’. हा भरवसा त्याने कमावलेला नसतो, मागितलेलाही नसतो. भिंत असते तेव्हा ती ओलांडणं हा पराक्रम वाटू शकतो. भिंतच नसेल, तर पळून जाणं म्हणजे एका माणसाचा शब्द मोडणं होतं. मोह तसाच राहतो, पण आता त्याला अडवायचं काम पहारेकऱ्याकडून खुद्द कैद्याकडे आलेलं असतं.

आटपाडीपासून बर्लिनपर्यंत

गदिमांचं मूळ गाव माडगूळ हे आटपाडी तालुक्यातलं, आणि त्यांच्या शिक्षणाची काही वर्षं औंधला गेली. त्यामुळे हा प्रयोग त्यांच्या घरच्या अंगणातलाच होता. ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा-पटकथा त्यांची. स्वतंत्रपूर हे त्या कथेचं मूळ मानलं जातं. सिनेमा १९५७ साली आला. जेलर आदिनाथची भूमिका स्वतः शांताराम यांनी केली. संगीत वसंत देसाई यांचं होतं.

सिनेमातले कैदी लगेच साधू होत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखं आहे. त्यांच्यात खुन्नस असते, लबाडी असते, पळून जाण्याचा मोह असतो. जेलरचे दोन डोळे मात्र त्यांच्या मनातून जात नाहीत. पुढे बाजारात त्यांच्यावर हल्ला होतो, तेव्हा हात चालवण्याची ताकद असूनही ते मार खातात, पण शब्द मोडत नाहीत. एकेकाळी ज्या हातांनी खून केले, तेच हात उलटा वार करायचं नाकारतात. सिनेमाचा कळस खरं तर तिथेच आहे.

बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगाचं चित्रीकरण सुरू असताना शांताराम यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली होती, आणि काही काळ त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून राहावं लागलं. सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. १९५८ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याने रौप्य अस्वल पुरस्कार पटकावला. पुढे अमेरिकेतल्या गोल्डन ग्लोबनेही त्याचा सन्मान केला.

ही कल्पना इतकी जुनी आहे का?

महाराष्ट्रात ती कीर्तनातून घरोघर पोचलेली आहे. संत एकनाथांविषयी एक आख्यायिका सांगतात. पैठणमधल्या काही टवाळखोरांनी एका गरीब माणसाला पैशांचं आमिष दाखवलं. अट एकच, एकनाथांना राग आणून दाखवायचा. त्या माणसाला मुलाच्या मुंजीसाठी पैशांची नड होती. तो तयार झाला. नाथ पूजेला बसलेले असताना तो थेट त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथ रागावले नाहीत. जेवताना गिरिजाबाई वाढायला वाकल्या, तर हा त्यांच्या पाठीवर चढला. तो पडेल म्हणून नाथांनी उलट काळजी केली. अखेर त्या माणसाने खजील होऊन खरं काय ते सांगितलं. त्यावर नाथांनी मुंजीच्या पैशांची सोय स्वतःच करून दिली.

या गोष्टीत नाथ फक्त शांत राहिले असते, तर ती सहनशीलतेची गोष्ट झाली असती. पण त्यांनी त्या माणसाच्या वागण्यामागची नड ओळखली. तो वाईट का वागतोय, हे त्यांनी विचारलं. योगायोग असा की त्याच पैठणमध्ये आज महाराष्ट्राचं एक मोठं खुलं कारागृह आहे आणि तिथले कैदी शेती करतात.

फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो यांच्या १८६२ सालच्या ‘ले मिझराब्ल’ या कादंबरीतला प्रसंग जगभर माहीत आहे. भाकरीच्या चोरीपासून सुरू झालेली शिक्षा भोगून १९ वर्षांनी सुटलेला जाँ व्हालजाँ बिशपच्या घरी आसरा घेतो आणि रात्री चांदीची भांडी घेऊन पळतो. पोलीस त्याला पकडून आणतात. बिशप म्हणतात, ही भांडी मीच दिली होती. वर ते चांदीचे दोन दीपस्तंभही त्याच्या हातात ठेवतात.

इथवरचं बहुतेकांना आठवतं. त्यानंतरचा प्रसंग मात्र विसरला जातो. बिशपच्या घरून निघालेला व्हालजाँ वाटेत भेटलेल्या एका लहान पोराचं नाणं हिसकावतो. म्हणजे एवढी मोठी माया मिळाल्यावरही पहिली कृती चोरीचीच! पोरगा रडत निघून गेल्यावर त्याला आपण काय केलं ते कळतं. तो त्या पोराला हाका मारत सुटतो, पण तो सापडत नाही. तेव्हा त्याला रडू कोसळतं. खरा बदल तिथून सुरू होतो. मायेने माणूस एका रात्रीत बदलत नाही, पण पुढच्या वेळी चूक करताना त्याला ती बोचते, हे ह्यूगो यांनी दीडशे वर्षांपूर्वी अचूक ओळखलं होतं.

अभ्यासक काय म्हणतात?

गुन्हा का घडतो यावर ढीगभर संशोधन आहे. गुन्हेगार गुन्हा करणं का थांबवतो, यावर मात्र तुलनेने उशिरा लक्ष गेलं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ साली ‘आउटसायडर्स’ या पुस्तकात शिक्क्याचा मुद्दा मांडला. समाज एखाद्याला ‘चोर’ असं लेबल लावतो, तेव्हा त्याचे सरळ मार्ग बंद होत जातात आणि तो हळूहळू त्या लेबलप्रमाणेच वागू लागतो.

ऑस्ट्रेलियाचे जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ साली लाज वाटण्याचे दोन प्रकार वेगळे केले. एका प्रकारात माणसाला गुन्ह्याची लाज वाटायला लावतात, पण त्याला आपल्यातला मानून परत घेतात. दुसऱ्या प्रकारात त्याला कायमचं बाहेर टाकतात. पहिल्या प्रकाराने गुन्हे कमी होण्याची शक्यता असते, दुसऱ्याने वाढण्याची, असं त्यांचं म्हणणं आहे. घरातल्या मुलाच्या बाबतीत आपण हेच करतो. ‘तू चुकीचं केलंस’ आणि ‘तू वाया गेलास’ या दोन वाक्यांतला फरक कोणत्याही आईला सांगावा लागत नाही.

शॅड मारुना यांनी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात गुन्हेगारी सोडलेल्या आणि न सोडलेल्या माणसांच्या जीवनकहाण्या ऐकल्या. त्यावरचं ‘मेकिंग गुड’ हे पुस्तक २००१ साली आलं. गुन्हेगारी सोडलेल्यांच्या कहाण्यांत एक धागा वारंवार सापडला. ‘मी मुळात वाईट नव्हतो, परिस्थितीत अडकलो, मग कुणीतरी माझ्यावर विश्वास ठेवला आणि आता मला इतरांसाठी काही करायचंय.’ न सोडलेल्यांच्या कहाण्यांत मात्र सूर असा होता की आपलं आयुष्य आपल्या हातात कधी नव्हतंच.

विश्वास ठेवणाऱ्या त्या ‘कुणीतरी’ची भूमिका इथे महत्त्वाची ठरते. तो माणूस बदल घडवून देत नाही. तो फक्त आधीच्या ओळखीपेक्षा वेगळी ओळख शक्य आहे, हे दाखवतो. पुढची वाट ज्याची त्यालाच चालावी लागते.

स्वतंत्रपूरनंतर देशात काय झालं?

उत्तर प्रदेशात डॉ. संपूर्णानंद यांच्या पुढाकाराने १९५२ साली बनारसजवळ चंद्रप्रभा नदीवरच्या धरणाच्या कामासाठी कैद्यांचं खुलं शिबिर भरलं. हेच संपूर्णानंद पुढे राजस्थानचे राज्यपाल झाले आणि जयपूरजवळ सांगानेरला १९६३ साली त्यांच्याच नावाचं खुलं शिबिर सुरू झालं. सांगानेरचे कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर जाऊन रोजगार करतात आणि हजेरीला परत येतात. तिथला कारभार पाहायला कैद्यांचीच पंचायत आहे.

चंबळच्या खोऱ्यात याच विचाराची मोठी परीक्षा झाली. मूळचे रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे १९६० साली भिंड-मुरैना भागात शस्त्राविना फिरले आणि सुमारे २० डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. पुढे एप्रिल १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या प्रयत्नांतून मोठ्या संख्येने आत्मसमर्पण झालं. त्यांपैकी काहींसाठी मध्य प्रदेशात मुंगावलीला खुलं कारागृह उभारलं गेलं. ही मोहीम वादातीत नव्हती. डाकूंना नायक बनवलं जातंय, अशी टीका तेव्हाही झाली.

महाराष्ट्रात स्वतंत्रपूरशिवाय येरवडा, पैठण, विसापूर, मोर्शी अशी खुली कारागृहं आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली राममूर्ती खटल्यात खुल्या कारागृहांचा विस्तार व्हावा, असं मत नोंदवलं. सांगानेरच्या शिबिराची जागा कमी होण्याची वेळ आली, तेव्हा मे २०२४ मध्ये याच न्यायालयाने ती कमी करू नका, असा आदेश दिला.

मग पीडितांचं काय?

हा प्रश्न टाळून या विषयावर बोलता येत नाही. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, त्याला खुनी माणूस बायको-मुलांसोबत शेतात राबतोय हे ऐकून काय वाटेल? दया दाखवणं सोपं असतं, जेव्हा नुकसान दुसऱ्याचं झालेलं असतं.

याला दोन उत्तरं दिली जातात. एक, खुलं कारागृह म्हणजे माफी नव्हे. दोष सिद्ध झालेला असतो, शिक्षा सुरू असते, फक्त ती भोगण्याची जागा बदललेली असते. दोन, जन्मठेप झालेले बरेच कैदी कधी ना कधी बाहेर येणारच असतात. १४-१५ वर्षं गजाआड काढून, कुणाशी ओळख नाही, हाताला काम नाही अशा अवस्थेत बाहेर पडलेला माणूस गावासाठी जास्त धोक्याचा, की शेवटची काही वर्षं कुटुंबात राहून कष्टाची सवय लागलेला माणूस?

तरीही पहिला आक्षेप पूर्ण मिटत नाही, आणि मिटूही नये. गुन्हेगाराला दुसरी संधी देणारी व्यवस्था पीडित कुटुंबाला भरपाई, माहिती आणि आधार देण्यात कमी पडत असेल, तर तिचा चांगुलपणा अर्धाच राहतो.

शिवाय व्यवस्थेच्या आपल्या मर्यादा आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशात १,३३० तुरुंग होते. त्यांत खुली कारागृहं फक्त ९१. राजस्थान आणि महाराष्ट्र त्यात आघाडीवर आहेत. बऱ्याच राज्यांत मात्र असं एखादंच कारागृह आहे किंवा एकही नाही.

दुसरा आकडा याहून बोलका आहे. त्या वेळी देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते आणि त्यांतले ७५ टक्क्यांहून अधिक कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. खुलं कारागृह प्रामुख्याने शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी असतं. त्यामुळे दोषी ठरलेला माणूस काही वर्षांनी उघड्या रानात काम करू शकतो आणि खटल्याची वाट पाहणारा माणूस मात्र गर्दीने भरलेल्या बराकीत बसून राहतो, अशी उलटी परिस्थिती तयार होते.

थोडक्यात सांगायचं तर

वाल्याचा वाल्मीकी झाला, हे आपण सहज बोलून जातो. या वाक्यात मधला काळ गाळलेला असतो. स्वतंत्रपूरने तो मधला काळ कसा घडवायचा, याची एक व्यवहारी रीत दाखवली. माणूस नीट निवडा, त्याला घर आणि काम द्या, कुटुंबापासून तोडू नका आणि त्याने सिद्ध करण्याआधीच थोडा विश्वास टाका.

या यादीतल्या पहिल्या तीन गोष्टी सरकारी आदेशाने करता येतात. चौथीसाठी दर वेळी एका माणसाला जोखीम घ्यावी लागते. औंधच्या राजाने ती घेतली, तेव्हा कैदी पळून गेले तर हसू होईल हे त्यालाही कळत होतं. शिक्षा संपवून गावी परतलेल्या माणसाला खोली भाड्याने द्यायची का, दुकानात कामाला ठेवायचं का, त्याच्या मुलासोबत आपल्या मुलाला खेळू द्यायचं का, हे प्रश्न येतात तेव्हा तीच जोखीम सामान्य माणसाच्या दारात येऊन उभी राहते. तुरुंगाची भिंत काढता येते हे आटपाडीने १९३९ सालीच दाखवलं. सुटून आलेल्या कैद्याला बहुतेकदा त्यानंतरची भिंत जास्त उंच वाटते.